बारीक घशाचं घराणं

मुलांना दिवसभर कुणी काही विचारत नाही. ती ताटावर बसली, की मात्र मोठ्यांना सगळं आठवतं. गणितात किती पडले, शेजारच्यांची काच कुणी फोडली, बूट दारात का पडलेत. ही तऱ्हा आपल्यापैकी किती घरांत आहे, ते ज्याचं त्याने मनाशी बघावं. एका शिंप्याच्या घरात तर तिला रीतसर नाव होतं, कोर्ट.

कोर्ट सुरू केलं शिंप्याच्या वडिलांनी, आप्पांनी. सगळे टेबलाभोवती बसले, की आप्पा वाढायचा मोठा चमचा ताटाच्या काठावर वाजवत आणि एकेकाचा दिवस तपासायला घेत. आप्पा गेले, चमचा शिंप्याकडे आला आणि त्यामागून कोर्टही आलं. शिंप्याला त्याचा भारी अभिमान. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता तो त्या जुन्या टेबलाच्या गोष्टी सांगायचा. पिवळा दिवा, आप्पांचा खर्जातला आवाज, भाताची वाफ, आणि त्याच्या खुर्चीमागे पाण्याचा निळा जग घेऊन उभी असलेली आई. त्याचा पेला अर्धा झाला रे झाला, की आई तो भरायची. "तसं एकत्र जेवण आता राहिलं नाही हो," असं म्हणताना त्याचे डोळे भरून यायचे आणि टाचणी गिऱ्हाइकाला टोचायची.

एवढं पाणी का लागायचं, तेही घरात ठरलेलं होतं. आप्पांचं निदान असं, की आपल्या घराण्याचा घसाच बारीक. मुलांना घास उतरत नाही, पाण्यानेच ढकलावा लागतो. आता शिंप्याची मुलगीही तशीच निघाली. तिला घरात चिमणी म्हणत. घास या गालातून त्या गालात फिरवायची, पाणी प्यायची, आणि निम्मं ताट तसंच ठेवून उठायची. "माझ्यावर गेलीय," असं शिंपी कौतुकाने सांगायचा.

पण तिचा फ्रॉक कमरेत आत घ्यायची वेळ आली, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा आली, तेव्हा त्याचं कौतुक पळालं. टेप काही खोटं बोलत नाही. डॉक्टरांनी पोरीचा घसा पाहिला, पोट पाहिलं, सगळं ठणठणीत निघालं. मग हे नखरेच, असं ठरलं आणि कोर्टात नवा आरोप दाखल झाला, जेवत का नाहीस? रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

अशात शिंप्याची मोठी बहीण चार दिवस राहायला आली. तिचा सगळा जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून गेलेला. पहिल्याच संध्याकाळी चमचा वाजला आणि शेजारी बसलेल्या चिमणीचं मनगट तिने टेबलाखाली अलगद धरलं.  जेवणं झाल्यावर ती भावाला पुढच्या खोलीत, शिलाई मशीनपाशी घेऊन गेली.

"घसा नाही रे बारीक तिचा," ती म्हणाली. "चमचा वाजला आणि हात गार पडला. तळव्याला घाम, नाडी धावत सुटलेली."

शिंपी वैतागला. आपण नाही का त्याच कोर्टात वाढलो, काय बिघडलं आपलं, असं त्याने विचारलं. तेव्हा बहिणीने त्याला शांतपणे समजावलं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना मज्जातंतूंची एक माळ असते. अनुकंपी चेतासंस्था म्हणतात तिला. संकटाची चाहूल लागली, की ती कुणाला न विचारता कामाला लागते. हृदय जोरात चालवते, श्वासाच्या नळ्या रुंद करते, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या करते, साठवलेली साखर रक्तात सोडायला लावते. पोटाकडचं आणि कातडीकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धाडते, कारण आता लढायचं तरी असतं नाहीतर पळायचं. त्या धांदलीत पोटाचं दुकान बंद होतं आणि तोंडाला कोरड पडते.

"वैरीण नाही हं ती," बहीण म्हणाली. "अंगावर गाडी आली तर तीच उडी मारायला लावते. पण गाडी कुठली आणि चमचा कुठला, हे तिला कळत नाही. आपण तिला रोज जेवणाच्या टेबलावर जागं करतो आणि वर पोरीला म्हणतो, जेव."

"पण घसा तर तुझाही बारीकच होता, ताई."

"हॉस्टेलवर गेले आणि आपोआप रुंद झाला. तुझा कधी झाला, आठव."

शिंपी आठवू लागला. हातातला खडू त्याने खाली ठेवला. लग्नानंतरही त्याला पाणी लागत होतं. आप्पा होते तोवर लागत होतं. मग एक दिवस चमचा त्याच्या हातात आला, आणि त्यानंतर त्याचा एकही घास कधी अडकला नव्हता! इतक्या वर्षांत हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मग आई?" त्याने हळूच विचारलं. "आईला माहीत होतं?"

"आप्पांपुढे बोलायची सोय नव्हती तिला. पेला भरणं तेवढं तिच्या हातात होतं."

शिंपी मशीनवर डोकं टेकून रडला. त्याचा आवडता निळा जग त्याला आज पहिल्यांदा नीट दिसला.

दुसऱ्या संध्याकाळी सवयीने त्याचा हात चमच्याकडे गेला. चमचा नुसता उचलला, तोच चिमणीचा घास वाटेत थांबला. ती बापाकडे बघत नव्हती, चमच्याकडे बघत होती. शिंप्याने तो चमचा भातात घातला आणि तिला वाढलं.

"कोर्ट बंद," तो म्हणाला. "कायमचं."

मग बोलायचं काय, हेच कुणाला सुचेना. शेवटी आत्यानेच चिमणीला सांगितलं, की तुझ्या बाबाने आयुष्यात पहिला खिसा शिवला तो सदऱ्याच्या आतून, न उतरलेले बटाटे लपवायला. शिंपी लाजला, बायको हसली, आणि चिमणी बटाट्याकडे बघून खुदकन हसली.

एका दिवसात सगळं निवळलं नाही. घाबरलेल्या शरीराला सुट्टीची बातमी उशिराच पटते. पण एका सकाळी शिंपी फ्रॉकच्या कमरेचे टाके उसवायला बसला, आणि आपलंच काम उसवताना कुठल्याही शिंप्याला झाला नसेल एवढा आनंद त्याला झाला. जुन्या टेबलाच्या गोष्टी तो अजून सांगतो. निळ्या जगापाशी आला, की जरा थांबतो.

मंडळी, मुलांना जाब जरूर विचारा. ताट वाढण्याआधी विचारा, हात धुतल्यावर विचारा. ताटावर मात्र त्यांना निर्धास्त जेवू द्या. आणि आज जेवायला बसाल तेव्हा एवढंच बघा, आपल्या टेबलावर कुणाचा पाण्याचा पेला सारखा रिकामा होतोय का.