मामाची मांडी

साधनाने हॉलमध्ये पाट मांडला आणि भावाला हाक मारली, "ज्ञानेश, बस ना. फकिराकाका खोळंबलेत."

कोपऱ्यावरच्या सलूनचे फकिराकाका कात्री पुसत होते. ज्ञानेश पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सटकला.

भाच्याचं जावळ त्याच्यामुळे दोनदा पुढे ढकललं होतं. एकदा ताप, एकदा रजा नाही. दोन्ही थापा. बाळ मामाच्या मांडीवर बसणार, पहिली बट मामाच कापणार, आणि त्याच्या डोक्यात सहा महिने एकच चित्र: स्वतःच्या हातातली कात्री आणि बाळाची कोवळी मान. या पोरावर त्याचा जीव होता, म्हणून तर चित्रात नेमकं तेच यायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. ज्ञानेशचं मन ओव्हरटाइमही करायचं.

गंगापूर रोडच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, "हा आजार आहे, तुमची इच्छा नाही. विचार आला तर हाकलू नका, चहाही विचारू नका. फक्त पळू नका."

परवा त्याने धीर करून ताईला फोनवर सगळं सांगितलं होतं. तिने 'बाळ उठलं' म्हणत फोन ठेवला होता.

आणि आज, कित्येक महिन्यांनी तो या स्वयंपाकघरात आला, तर ओट्यावर सुरी नव्हती. विळीही नव्हती. कोशिंबिरीचे टोमॅटो चक्क किसणीवर किसले होते. त्याला रडूच आलं.

साधना बाळाला कडेवर घेऊन मागोमाग आली.

"ताई, नामपूरच्या महेशला बोलव. चुलत असला तरी तोही मामाच आहे."

"का?"

"सुऱ्या लपवल्यास ना? बरोबरच केलंस."

साधनाने बाळाचं झबलं सारखं केलं.

"तुझ्यामुळे नाही रे," ती हळूच म्हणाली. "बाळंतपणापासून माळ्यावर आहेत त्या. मीच ठेवल्यात. अकरा महिने कुणाला बोलले नाही. परवा तू बोललास तेव्हा कळलं, याला आजार म्हणतात."

तिने बाळ त्याच्या हातात दिलं. तो पाटावर जाऊन बसला, बाळाला मांडीवर घेतलं. फकिराकाकांनी कात्री पुढे केली. चित्र आलं, अगदी वेळेवर. ज्ञानेशने डोळे मिटले नाहीत. बट पंच्यावर पडली. बाळाने त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं.

"विचार आला होता?" साधनाने विचारलं.

"आहे अजून."

"हं." तिने माळ्याकडे पाहिलं. "हे उरकलं की जरा स्टूल धर. आज एकच सुरी काढू, छोटी."