बुधरीचा नकार

बुधरीने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि तिसऱ्यांदा सांगितलं, "मले मंजूर नाई."

गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या, आवारात साठ-बासष्ट माणसं बसली होती. ग्रामसभेचा अध्यक्ष लटारू रजिस्टर मांडीवर घेऊन बसला होता. ठराव एका ओळीचा होता: गावामागची डोंगरी खाणीला द्यायची. या गावात हात मोजायची रीत नव्हती. एकाचा जरी नकार असला तरी सभा उठायची नाही, आणि सभा उठल्याशिवाय कुणी अन्नाला शिवायचं नाही. या रिवाजाने आजवर भल्याभल्यांना ताळ्यावर आणलं होतं. भूक काही कुणाची भीड ठेवत नाही.

"काकी, रस्ता होईल, दवाखाना होईल," लटारू गोडीने म्हणाला. "तुले काय तरास हाय त्यात?"

"डोंगरीवर आपला देव हाय. पानी तिथूनच येते. डोंगरी गेल्यावर दवाखान्यात काय पेशील?"

भाताचा मोठा गंज सकाळीच चुलीवरून उतरवून झाडाखाली ठेवला होता, आता उन्हं कलली होती. बुधरी घाबरली नव्हती. तीन वर्षांपूर्वी बांबूच्या ठरावाला डोमा एकटा अडून बसला, तेव्हा हेच गाव दोन दिवस उपाशी राहिलं होतं. पोरं रडत होती, तरी 'त्याचं आयकल्याबिगर उठाचं नाई' असं बुधरीनेच बजावलं होतं. शेवटी डोमाचंच खरं निघालं.

लटारूने रजिस्टर मिटलं. तो रागावला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "भात थंडा होऊन राह्यला."

आधी डोमा उठला. त्याने बुधरीकडे पाहिलं नाही. मग बायका उठल्या, पोरं धावली, पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. कुणी वाईट बोललं असतं तर ती कडाकडा भांडली असती. पण भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

तिचा मुलगा अंकुश वाढलेली पत्रावळ घेऊन आला आणि त्याने ती तिच्यापुढे ठेवली.

"जेव, माय."

"सभा उठली का?"

"उठली."

"माहा नकार त इथीच हाय, बापा. उद्या तुले काई मंजूर नसलं त कोनाले सांगशील?"

अंकुशने पंगतीकडे पाहिलं. लटारू रजिस्टर घेऊन जेवणाऱ्यांमधून फिरत होता, आणि माणसं उष्टा हात बाजूला धरून डाव्या हाताने ठरावाखाली अंगठे उमटवत होती.

"हळू बोल," अंकुश म्हणाला.