कुणी न पाहिलेलं फूल

बेडोकच्या अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये वसंत ऋतू मुक्कामाला होता, आणि तोही बॉम्ब शेल्टरमध्ये. सिंगापूरच्या नव्या सरकारी इमारतींत प्रत्येक घराला जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. लढाई काही होत नाही, म्हणून लोक तिच्यात सुटकेसा, तांदळाच्या गोण्या आणि मोडके पंखे कोंबतात. अरुणाच्या घरी मात्र त्या खोलीत काचेच्या दाराचा एक जुना फ्रिज उभा होता. बंद पडलेल्या शीतपेयांच्या दुकानातून आणलेला. त्यात वरच्या बाजूला पांढरे दिवे, आणि खाली डॅफोडिलच्या कुंड्या.

हा सगळा उद्योग तिच्या नवऱ्याचा, उज्ज्वलचा. तो मोठमोठ्या इमारती गार ठेवणारी यंत्रणा बसवणारा इंजिनियर. मूळचा नागपूरचा, म्हणजे उन्हातच वाढलेला, आणि नोकरी अशा देशात जिथे बारा महिने घाम सुटतो. कधीतरी कामासाठी मार्च महिन्यात तो इंग्लंडला गेला आणि तिथे त्यानं एका टेकडीच्या उतारावर पसरलेले पिवळे डॅफोडिल पाहिले. परत आला तो वेड लागल्यासारखा. "अगं, मातीतून ऊन उगवलं होतं," एवढंच तो पुन्हापुन्हा सांगत राहिला.

त्या वेडाला खतपाणी घातलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम गो यांनी. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाई दर चिनी नववर्षाला पाण्याच्या थाळीत नार्सिससचे कंद फुलवायच्या. डॅफोडिल त्याचाच भाऊबंद. पिवळ्या फुलाचा पराग बारीक कुंचल्यानं पांढऱ्या फुलाला कसा लावायचा, हे त्यांनीच उज्ज्वलला शिकवलं. त्यातून बोंड धरलं, कांद्याच्या बियांसारख्या काळ्या बिया निघाल्या, आणि त्या पेरल्यावर गवताच्या काडीसारखी पानं आली, मातीखाली इवले कांदे धरले. मग नुसती वाट. बीपासून फुलापर्यंत यायला डॅफोडिलला पाचेक वर्षं लागतात. उज्ज्वल फ्रिजचं बटण फिरवून त्यांना हिवाळा द्यायचा, उन्हाळा द्यायचा, आणि दरवर्षी त्यातली काही रोपं कुजून जायची.

अरुणा एका बँकेत अकाउंट्स पाहायची. तिला या कांद्यांचा राग नव्हता, पण कौतुकही नव्हतं. घरात केळी आणली की नवरा ओरडायचा. पिकत्या फळांच्या वाफेनं म्हणे कळ्या जळतात. "माणसांना फळं नाहीत आणि कांद्यांना एसी," असं ती मैत्रिणींना सांगायची आणि स्वतःच हसायची.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी उज्ज्वल शेल्टरमधून धावतच बाहेर आला. उरलेल्या रोपांपैकी एकाच्या पानांमधून दांडा वर आला होता आणि त्याच्या टोकाला कळी होती. त्यानं अरुणाला हाताला धरून नेलं. तिला हिरवी टोकदार काडी दिसली, दुसरं काही नाही. ती "छान" म्हणाली आणि कुकर बंद करायला वळली.

त्याच आठवड्यात नागपूरहून फोन आला. उज्ज्वलची आई, कमलाबाई, अंगणात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावं लागणार होतं. उज्ज्वलनं मिळालं ते विमान धरलं. बॅग भरतानाही त्याची एक नजर लोखंडी दाराकडे होती.

"जा तुम्ही," अरुणा म्हणाली. "आईंकडे बघा. ते कांद्याचं मी बघते."

"कळी खाली वाकली की समज आता उमलणार. पाणी थोडंच घाल. आणि अरुणा..."

"केळी आणणार नाही. जा."

सुरुवातीला तिनं ते कर्तव्य म्हणून केलं. सकाळी ऑफिसला जायच्या आधी दार उघडायचं, माती बोटानं चाचपायची, फोटो काढून नागपूरला पाठवायचा. ऑपरेशन नीट पार पडलं. कळी फुगत गेली. तिच्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं एक पातळ वेष्टन होतं. ते एके दिवशी उभं चिरलं आणि आकाशाकडे टोक करून असलेली कळी हळूहळू मान वळवू लागली. अरुणाला उगाच वाटलं, ही दाराकडे बघते आहे. मग तिचं तिलाच हसू आलं.

त्यानंतरची सकाळ. चहाचा कप हातात घेऊन तिनं शेल्टरचं दार उघडलं, आणि काहीतरी वेगळं आहे हे तिला डोळ्यांआधी जाणवलं. फ्रिजच्या काचेमागे कळीच्या पाकळ्यांची टोकं सुटी झाली होती. ती जवळ गेली. एक पाकळी, बघता बघता, दुसरीपासून अलग झाली. हललेली दिसली नाही, पण आता होती तिथे नव्हती. अरुणानं स्टूल ओढलं आणि बसली. पाकळी मागे झुकली, मग तिच्या शेजारची. आतून चुणीदार काठाचा एक छोटा पेला वर आला, लिंबाच्या सालीसारखा पिवळा. त्याचा काठ अजून चुरगळलेला होता, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या कानासारखा.

तिनं फ्रिजचं दार किंचित उघडलं. गार हवेबरोबर एक वास आला. गोड, पण मोगऱ्याचा नाही, निशिगंधाचा नाही. कशाचाच नाही. तिच्या ओळखीतल्या कुठल्याही फुलाशी तो जुळेना.

चहावर साय धरली. ऑफिसची वेळ टळून गेली. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच तिनं साहेबांना मेसेज केला की आज उशीर होईल, आणि कारण लिहायला गेली तर बोटं थांबली. काय लिहायचं? शेवटी तिनं लिहिलं, "घरी काम आहे."

पुढच्या दोन दिवसांत मात्र ती घाबरली. फुलाचा मधला पेला फिका पडू लागला. पाकळ्या पिवळ्याच राहिल्या, पण पेल्यातला रंग कुणी आतून शोषून घ्यावा तसा उतरत गेला. आधी तळाशी, मग वर वर. तिनं नागपूरला फोन लावला.

"अहो, माझ्या हातून काहीतरी बिघडलं. रंग जातोय त्याचा. पाणी जास्त झालं का?"

"पाकळ्या सुकल्यात?"

"नाही हो, ताठ आहेत. नुसता मधला पेला पांढरा होतोय."

 हॉस्पिटलच्या व्हरांड्यातलं बोलणं मागे ऐकू येत होतं.

"असं होणं बरोबर आहे की चूक?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही."

"मग कुणाला विचारू? मॅडम गोंना?"

"त्यांनाही माहीत नसणार. अरुणा, ते बीपासून आलंय. एकेका बीतून वेगळंच फूल निघतं, आईबापांसारखं हुबेहूब कधीच नाही. हे फूल याआधी पृथ्वीवर नव्हतं. ते कसं असायला हवं हे सांगणारं कुणी नाही. तू पहिली आहेस."

फोन ठेवल्यावर ती पुन्हा स्टूलावर जाऊन बसली. तू पहिली आहेस. खाली बस थांब्यावर शाळेची मुलं कलकलत होती, वर कुणाचं तरी वॉशिंग मशीन घरघरत होतं, आणि या बंद खोलीत अशी एक गोष्ट तिच्यासमोर होती जी राजाने पाहिली नव्हती, पंडिताने पाहिली नव्हती, ज्याने ती घडवली त्या कुंचल्याच्या मालकानेही पाहिली नव्हती. अरुणाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं नकळत हात जोडले. कुणाला जोडले ते तिलाही कळलं नाही.

शनिवारी मॅडम गो वर आल्या. काचेसमोर वाकून त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की अरुणानं त्यांना खुर्ची आणून दिली.

"उद्या बुओना व्हिस्टाला आमच्या बागकाम मंडळाचं प्रदर्शन आहे," त्या म्हणाल्या. "गार हॉलमध्ये. घरी तयार केलेल्या नव्या फुलांचा वेगळा गट असतो. हे न्यायलाच हवं."

"कुंडीसकट?"

"नाही, नाही. दांडा कापून."

अरुणा फ्रिजच्या दारासमोर आडवी उभी राहिली. मॅडम गोंनी समजावलं की कांदा आणि पानं जागच्या जागी राहतील, पुढल्या वर्षी पुन्हा फूल येईल, कापलं नाही तरी हे आठवड्याभरात सुकणारच. तिला सगळं पटलं, पण कात्री हातात धरवेना. तिनं नवऱ्याला विचारलं. "तू त्याच्याजवळ आहेस," तो म्हणाला. "तू ठरव."

रविवारी सकाळी तिनं ठरवलं. दांडा कापताना तिनं श्वास रोखून धरला होता. कच्चकन आवाज आला, कापल्या जागी थेंबभर चिकट रस आला, आणि फूल तिच्या हातात आलं. अगदी हलकं. एवढ्याशा वजनासाठी पाच वर्षं!

मासळीवाल्याकडून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात तळाशी बर्फ, मध्ये पाण्याची अरुंद बाटली, बाटलीत फूल. बेडोक स्टेशनच्या उघड्या फलाटावर तिनं खोकं अंगाच्या सावलीत धरलं. गाडीत शेजारी एक बाई केळ्यांची पिशवी घेऊन येऊन बसल्या, तशी अरुणा उठून डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथल्या एका म्हाताऱ्या अंकलनी खोक्यात डोकावून सिंगापुरी ढंगाच्या इंग्रजीत विचारलं, "रिअल आह?"

"रिअल," ती म्हणाली.

"सिंगापूरमध्ये? कान्ट बी, लाह!" त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं, आणि आपलं स्टेशन येऊन गेलं तरी उतरले नाहीत.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ऑर्किडची नुसती रांगच रांग होती. डॅफोडिल त्यामानानं थोडे, बहुतेक बाहेरून आणलेल्या कांद्यांचे. मॅडम गोंनी फुलाची मान सरळ केली, दांडा हलू नये म्हणून बाटलीच्या तोंडाशी शेवाळ बसवलं. नव्या फुलांच्या गटात तेवढी एकच बाटली होती.

"म्हणजे पहिलं बक्षीस आपलंच," अरुणा हसून म्हणाली.

"तसं नसतं. फूल लायक नसेल तर बक्षीस कुणालाच देत नाहीत, राखून ठेवतात. गेली बरीच वर्षं राखूनच ठेवलंय."

परीक्षक बाई न्यूझीलंडहून आल्या होत्या, सत्तरीच्या, उंच, पायात धावायचे बूट. टेबलामागून टेबल भरभर पाहत, वहीत खुणा करत त्या आल्या आणि या बाटलीपाशी थांबल्या. वही खाली ठेवली. डोळ्यांची पातळी फुलाशी जुळावी म्हणून त्या गुडघ्यावर बसल्या, त्या वयात, थंडगार फरशीवर.  मग शेजारच्या परीक्षकाला हाक मारली, त्यानं तिसऱ्याला. 

"कुणी केलं हे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या नवऱ्यानं," अरुणा म्हणाली. "घरी, फ्रिजमध्ये. त्यानं अजून पाहिलेलं नाही. आई आजारी आहे, तिच्याजवळ आहे तो."

बाई उभ्या राहिल्या. "पाकळ्या थोड्या वाकड्या आहेत," त्या म्हणाल्या. "नियमानं मला गुण कापावे लागतील. पण पेला असा पांढरा होताना तुम्ही पाहिलात?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"तुमचा हेवा वाटतो मला," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या क्रमांकाचं निळं कार्ड स्वतःच्या हातानं बाटलीला टेकवून ठेवलं.

दुपारभर माणसं येत राहिली. बोलत बोलत यायची आणि त्या टेबलापाशी आवाज खाली यायचा. अरुणानं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी उज्ज्वलचं कपाळ, मग पलंगावर टेकून बसलेल्या कमलाबाई.

"जय भीम, आई. कसं वाटतंय?"

"जय भीम. माझं सोड वो, फूल दाखव." त्यांनी फोन अगदी नाकाशी धरला. "बाप्पा! हे त्या कांद्यातून निघालं? आतमंदी चांदणं भरल्यासारखं दिसते."

 आईच्या खांद्यामागून उज्ज्वल नुसता पाहत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

तो परतला तेव्हा आई काठी धरून चालू लागली होती आणि फुलाचा तपकिरी कागद झाला होता. शेल्टरमध्ये पानं मात्र हिरवीगार, ताठ उभी होती. त्यानं कुंडीतल्या मातीला हात लावला, मग बाहेर येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. अरुणानं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि फोटो दाखवायला मोबाइल काढला.

"फोटो पाहिलेत मी, शंभरदा पाहिलेत," तो म्हणाला. "तू सांग."

अरुणा मुळात मोजकं बोलणारी बाई. ती समोर बसली आणि पहिली पाकळी सुटली त्या सकाळपासून सांगायला लागली.