भिंत पडली, माती उरली

मित्रांनो, मी एक जुना गोठा आहे. महूजवळच्या गावातला, मातीचा आणि पोट जरा पुढे आलेला. इंदूरहून येणारे पाहुणे माझे फोटो काढतात, पण गाय दिसली की मला विसरतात. असो!

फौजेतून परत आलेल्या तात्यारावांनी मला बांधलं. माती, गव्हाचा भुसा आणि शेण पायांनी तुडवून त्यांनी थरावर थर चढवले. दरवर्षी बुद्ध पौर्णिमेआधी त्यांची बायको कांताबाई मला लिंपायची. अंगावर तिच्या बोटांच्या ताज्या रेघा आल्या की काय ऐट असायची माझी! भर उन्हाळ्यात गाय, वासरू, शेजारीपाजारी, सगळे माझ्याच गारव्याला यायचे.

पुढे तात्याराव गेले, कांताबाई थकली. मुलगा पंचशील इंदूरला विजय नगरात राहायचा. आईचं वाकून लिंपणं त्याला बघवेना. त्याने मला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून टाकलं.

"आई, आता लिंपायची झंझटच नाही!"

"अरे वा, एकदम चकाचक!" कांताबाईही खूश झाली.

पण त्या सिमेंटआड माझा जीव घुसमटला. आत मुरलेली ओल बाहेरच पडेना. पावसाळा सरता सरता माझा मागचा कोपरा धाडकन कोसळला. गाय चरायला गेली होती म्हणून वाचली.

पंचशील घाबरून धावत आला. "पाडूनच टाकू, आई. टिनशेड उभी करू."

मी उरलेल्या तीन कोपऱ्यांवर तग धरून ऐकत होतो.

कांताबाई ढिगाऱ्याजवळ बसली. मूठभर माती घेऊन तिने हळूच चुरली. "भिंत पडली रे बेटा, माती कुठे पळून गेली? तुझ्या बाबांनी तुडवलेली आहे ती. परत भिजव."

पंचशीलने छिन्नी घेऊन माझं सिमेंट उतरवलं. त्याची मुलगी धम्मदीना ऑफिसला सुट्टी टाकून आली, पँट गुडघ्यापर्यंत चढवून चिखलात उतरली आणि पहिल्याच पावलाला घसरून बसली.

"हसू नका ना, पापा!" ती ओरडली. मग काय, सगळेच हसत सुटले. माझ्याच मातीतून माझा कोपरा पुन्हा उभा राहिला.

कांताबाईचे हात आता वर पोचत नाहीत. म्हणून खाली तिच्या बोटांच्या रेघा आहेत, वर नातीच्या, जरा वाकड्यातिकड्या. मला दोन्ही लाडक्या आहेत.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादं जुनं घर असेल, एखादं म्हातारं माणूस असेल. त्यांना एकदाच पक्कं करून मोकळे होऊ नका. वर्षातून एकदा तरी येऊन मायेने हात फिरवा.

बुद्ध पौर्णिमा जवळ आली आहे. कांताबाईने माती भिजत घातली आहे, आणि रस्त्यावर धम्मदीनाच्या स्कूटीचा हॉर्न वाजतो आहे.