न तुटणारा आकडा

काष्टीच्या बाजारात त्या दिवशी बैलांचे दात कुणी मोजेना. सगळी गर्दी लिंबाखाली, अभंगनाथ महाराजांभोवती. फळ्यावर एकच आकडा होता: ९९,९९१.

"तोडा लेकरांनो, तोडा! सातानं भागा, तेरानं भागा, बाकी उरनारच! आकडा तुटत न्हाई, तसा ह्यो ताईत घालनाराचा देह तुटत न्हाई. विंचू, ताप, पिसाळलेलं कुत्रं, समदं भायेरच्या भायेर!"

भागाकार करून अडते थकले. मग कुणीतरी इब्राहिम तांबोळी गुरुजींना पुढे ढकललं. ते हायस्कुलात गणित शिकवत. आकडा पाहताच त्यांनी ओळखला. पण एवढा जमाव आपलं गणित ऐकायला कधी जमला होता? त्यांनी झरझर भागाकार केले आणि वळून म्हणाले, "खरं आहे. एक आणि तो स्वतः सोडला, तर याला कशानंच भाग जात नाही."

टाळ्या कडाडल्या. महाराजांनी आपल्या गळ्यातला हार गुरुजींना घातला. पुढचं वाक्य गुरुजींच्या ओठावर होतं, ते तिथंच राहिलं.

चार-पाच दिवसांनी शेजारची गोजरबाई भेटली. तिच्या नवऱ्याला, सहादेवला, पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. सरकारी दवाखान्यात पोटात इंजेक्शनं चालू होती.

"सुया बंद केल्या, गुर्जी. लई सोसत हुते. आता ताईत हाय की. तुमीच म्हनला, खरं हाय."

गुरुजींनी हातापाया पडून समजावलं. गोजरबाईचं एकच, "तवा खरं, अन् आज खोटं व्हय?"

तिला आणि सहादेवला घेऊन ते तडक महाराजांच्या मुक्कामी गेले. भक्त जमलेलेच होते. गुरुजींनी फळ्यावर १०,००७ लिहिलं.

"महाराज, हा तोडून दाखवा."

महाराजांनी तीन, सात, अकरा लावून पाहिले. बाकी उरतच राहिली. घाम पुसत ते म्हणाले, "ह्यो... आमच्याच आकड्याचा भाऊ हाय!"

"भाऊबंद किती हायेत म्हाराज?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

"अंतच नाही," गुरुजी म्हणाले. "अशा आकड्यांना मूळ संख्या म्हणतात. शाळेच्या पुस्तकात आहेत त्या. आकडा भागत नाही हे खरं. पण कुत्र्याच्या लाळेला भागाकार येत नाही. तिला औषधच लागतं."

हसू विरलं. गोजरबाई हळूच म्हणाली, "मग बाजारातच का न्हाई बोलला, गुर्जी?"

गुरुजींची मान खाली गेली. "टाळ्या वाजत होत्या, बाई. मला गोड लागल्या."

सहादेवनं ताईत काढला. मिळेल त्या एसटीनं तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, सगळी इंजेक्शनं पहिल्यापासून घ्यावी लागतील, खात्री मात्र देता येणार नाही. रोज सुई टोचताना सहादेवचा हात गुरुजींच्या हातात असे. तो जितका कळवळे, तितकी गुरुजींची नजर जमिनीत जाई.

सहादेव वाचला. गोजरबाई पाया पडायला आली, तेव्हा गुरुजी मागे सरले.

पुढे प्रत्येक बाजारी ते स्वतः फळा घेऊन उभे राहत. आकडा समजावत आणि शेवटी सांगत, "एक गोष्ट खरी निघाली म्हणून तिला चिकटून आलेली दुसरी गिळू नका. तिचा पुरावा वेगळा मागा. बुवाकडे मागा, आणि मी बोललो तर माझ्याकडेही मागा. एकदा कुणीच मागितला नाही, आणि मी गप्प बसलो."