पद्मजाबाईंचा वर्ग आणि पाठीमागचं दार

बोरीवलीच्या डोंगराकडच्या अंगाला, एका कौलारू पडवीत चौथीचा वर्ग भरायचा. दार एकच, तेही मुलांच्या पाठीमागे. समोर फळा, फळ्याच्या वर पुढे झुकलेली सरस्वतीची तसबीर, आणि तिच्या खाली पद्मजाबाई. बाई मालवणकडच्या, गणपतीनंतर नोकरीला लागलेल्या. वर्ग त्यांना कवडीचीही किंमत देत नसे. इसिडोर तर अर्धा तास मागे तोंड करूनच बसायचा.

त्या दिवशी एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवायचे होते.

"वर म्हणजे काय रे?"

"नवरा!" प्रेमा ओरडली.

"वर म्हणजे माळ्यावर!"

"देव देतो तो!"

"शाब्बास. आता पान," म्हणत बाईंनी खडू उचलला, आणि त्यांची नजर दाराकडे गेली.

दारात बिबट्या बसला होता.

गावात पुढे सांगू लागले तसा काही बैलाएवढा नव्हता. पण तो बसला होता उंबऱ्यावर आणि त्याची शेपटी खाली पायरीवर लोळत होती, म्हणजे होता तसा ऐसपैस. मुलांच्या चपलांच्या ढिगात पंजे रोवून तो निवांत वर्ग न्याहाळत होता. शेवटच्या रांगेतला अल्फान्सो त्याच्यापासून हातभर लांब.

बाईंच्या बोटांत खडू मोडला. पाड्यावरची माणसं सांगत, तो बसल्याला सोडतो, पळत्याला नाही. एकानं मागे पाहिलं की किंकाळी फुटणार, किंकाळी फुटली की सगळा वर्ग उठणार. आणि मधल्या सुट्टीची घंटा तर व्हायलाच आलेली. शिपाई सीतारामनं चिंचेला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पहिला ठोका घातला, की ही पोरं बांध फुटल्यासारखी दाराकडे धावत. रोजच धावत.

"पान," बाई म्हणाल्या. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. "माझ्याकडे बघून सांगायचं. फक्त माझ्याकडे."

"झाडाचं पान," अँजेलिना म्हणाली.

"पुस्तकाचं."

"विड्याचं, बाई."

बिबट्यानं जांभई दिली. आतलं सगळं लालभडक दिसलं. बाईंच्या पाठीवरून घामाचा थेंब सरकत खाली गेला.

"अजून? अजून सांगा!"

"जेवायचं पान! पानं मांडली, बसा म्हणतात ना!"

बिबट्या खरंच मांडलेल्या पानांकडे बघावं तसा मुलांच्या रांगांवरून नजर फिरवत होता. इसिडोरची मान हलली.

"इसिडोर! तू सांग."

"पत्त्यातलं पान," इसिडोर हळूच म्हणाला. मान वळली नाही. त्याची नजर सरस्वतीवर खिळली होती. सगळ्यांचीच खिळली होती. बाईंना वाटलं, उत्तरासाठी देवीला साकडं घालतायत बिचारी.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "पानाचा अजून एक अर्थ सांगेल त्यालाच आज सुट्टी. तोवर घंटा झाली तरी जागचं हलायचं नाही." अजून अर्थ त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हता.

ठण्ण!

एकही पोर हललं नाही. बिबट्याचे कान मात्र मागे चिकटले. तो उठला, आणि त्यानं एक पाऊल आत टाकलं. अल्फान्सोच्या मानेवरचे केस त्याच्या श्वासानं हलले.

सीताराम भलत्याच उत्साहात होता. ठण्ण, ठण्ण, ठण्ण! बिबट्यानं अंग चोरलं, फिस्कारला, समोरची एक चप्पल तोंडात धरली आणि झाडीत नाहीसा झाला.

बाई भिंतीला घासत खाली बसल्या. अँजेलिना उठली, दाराला कडी घातली, माठातलं पाणी घेऊन आली.

"प्या, बाई. गेला तो."

"कोण?"

"वाघ."

"तुम्हाला कसं..."

इसिडोरनं तसबिरीकडे बोट केलं. काचेत बंद दार लख्ख दिसत होतं. "सगळा दिसत होता ना, मिशांसकट."

"मग ओरडला का नाहीस, मेल्या?"

"तुमचे पाय बघितले ना बाई, नुसते लटलटत होते. कोणी हललं असतं तर तुम्हीच आधी पळाला असता. मग आमची वाटच लागली असती! म्हणून आपलं पान, पान, पान."

तेवढ्यात मागून अल्फान्सोनं भोकाड पसरलं. चप्पल त्याचीच होती. दुसरी न्यायला वाघ रात्री घरी येऊन गेला, असं त्याची आई सांगते, पण ती बाई जरा वाढवूनच बोलते.

दुसऱ्या दिवशी पद्मजाबाईंनी फळा दाराच्या बाजूला नेला आणि वर्ग उलटा फिरवला. आता दार मुलांच्या समोर आणि बाईंच्या पाठीमागे. मुलंही बाईंवरून नजर काढीनात. पण त्यातल्या एखाद्याचं लक्ष चुकून बाईंच्या खांद्यावरून पलीकडे गेलं, की फळ्यावरचा खडू जागच्या जागी थांबे.

"काही नाही, बाई," वर्ग एका सुरात सांगे. "शिकवा तुम्ही."