हलव्याला काटा येत नाही

भोसले घाटामागे बिंदुमाधवशास्त्र्यांच्या घरात टपाल मोठ्याने वाचायची रीत होती. कलकत्त्याला रसायनशास्त्र शिकायला गेलेल्या ढुंढिराजाचं पत्र आलं की शास्त्रीबुवा चष्मा चढवत आणि कुशलापासून सहीपर्यंत सगळं घराला ऐकवत. त्यात आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेल्या विद्युल्लतेसाठी काय असणार? बापाच्या तोंडून बायकोला दोन गोड शब्द पाठवायची छाती कुणाची होते!

पण तिची पहिली संक्रांत जवळ आली. दागिन्यांसाठी हलवा करायचा होता आणि तिळाला काही केल्या काटा येईना. सासूबाईंना, अंबिकाबाईंना, लिहिता येत नसे. त्यांच्या नावाने तिनेच पत्र लिहून कारण विचारलं. ढुंढिराजाने चक्क अर्धं पान भरून उत्तर धाडलं.

‘पाणी ठरावीक मापापर्यंतच साखर पोटात घेतं. गरम पाणी जास्त घेतं, गार कमी. शेगडीच्या उबेने पाकातलं पाणी उडालं की उरलेल्या पाण्यात साखर मावत नाही. ती तिळावर स्फटिक होऊन बसते. तोच काटा. पाक पातळ असला तर त्याची भूक शिल्लक असते, तो आलेला काटाही विरघळवून टाकतो. घाई करू नये. थेंब थेंब घालावा.’

शास्त्रीबुवांनी ते पुराणासारखं वाचलं. ‘घाई करू नये’ एवढं विद्युल्लतेने आपल्यापुरतं ठेवून घेतलं आणि सबंध दिवस त्यावर काढला.

मग तिने सपाटाच लावला. कुटलेली साखर लवकर का विरघळते? तेलात का विरघळत नाही? उत्तरं येत गेली. तिला हवा होता माणूस आणि हाती येत होती साखर. त्याची आठवण इतकी येई की परातीपुढे बसल्या बसल्या डोळे भरत.

पौषातल्या एका सकाळी ती पत्र संपवत असताना अंबिकाबाई येऊन बसल्या. “काय लिहिलंस माझ्या नावाने? वाच.”

“अजून काटा येत नाही,” तिने खालच्या आवाजात वाचलं.

अंबिकाबाईंनी परातीकडे पाहिलं. पांढराशुभ्र हलवा, दाण्यादाण्याला टोकदार काटा.

“माझ्या नावाने झूठ?”

विद्युल्लतेने मान खाली घातली. “काटा आला म्हणून कळवलं, तर तिकडून लिहायचं काय राहील?”

अंबिकाबाईंनी पाकाचं पातेलं पुढे ओढलं. मुलगा लग्नानंतर आठव्या दिवशी गेला होता, तो त्यांनाही तेव्हापासून दिसला नव्हता. त्यांनी पाकात गडवाभर पाणी ओतलं, ढवळलं आणि पळीमागून पळी हलव्यावर घातली. काटे बघता बघता गेले. आठवड्याची मेहनत गुळगुळीत झाली.

“आता खरं झालं,” पदराने हात पुसत त्या म्हणाल्या. “आणि खाली लिही, आईलाही जमत नाही म्हणावं. चिठ्ठीने भागत नाही, येऊन दाखव.”